लिलावांतील भागीदारी

'लिलाव' हा शब्द मराठींत इतका मुरून गेला आहे कीं, तो परका असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाहीं. पण तो पोर्तुगीजांच्या 'लेइलांव' या शब्दावरून या किनाऱ्यावर रूढ झाला. त्याच्या जोडीचा 'हर्रास' हा शब्द अरबींतून आला. शब्द परके असले तरी दृश्य मात्र प्रत्येकाच्या परिचयाचें आहे. उंच जागीं उभा राहिलेला पुकारणारा, त्याच्यासमोर कोंडाळें करून उभे असलेले लोक, एकाचा सवाल, त्यावर दुसऱ्याचा चढता सवाल, आणि शेवटीं 'एक वार, दोन वार, तीन वार' होऊन पडणारा हातोडा. या साऱ्या देखाव्याचा आधार एकच आहे. समोरचे लोक वस्तूसाठीं एकमेकांशीं झगडत आहेत, असें विकणारा धरून चालतो. तेच लोक आदल्या रात्रीं एकत्र बसून सर्व कांहीं ठरवून आले असतील, तर पुकारणाऱ्यानें कितीहि घसा कोरडा केला तरी किंमत चढावयाची नाहीं.

यामुळें सामान्य मनुष्याचें मत असें असतें कीं, घेणाऱ्यांना एकत्र येऊं देणें म्हणजे विकणाऱ्याला लुटण्याचा परवाना देणें होय. हें मत खोटें नाहीं. पण तें अर्धेंच खरें आहे. जगांत असे कांहीं लिलाव होऊन गेले कीं, जेथें कायद्यानें भागीदारीनें बोली करण्याची उघड मोकळीक दिली होती, आणि कोणी कोणाशीं हातमिळवणी केली याची नोंदहि सरकारी दप्तरीं राहिली. त्या नोंदी चाळणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना एक नवल आढळलें. मोकळीक असूनहि, ज्यांनीं एकत्र यावें असें कोणालाहि वाटलें असतें, तेच बहुधा एकत्र आले नाहींत. असें कां व्हावें, हाच येथें विचाराचा विषय आहे.

आरंभीं साधें उदाहरण घेणें बरें. एखाद्या जुन्या वाड्यांतील सामानाचा लिलाव आहे, आणि त्यांत एक लंबकाचें घड्याळ आहे. जुन्या वस्तूंचे दोन व्यापारी तेथें आले आहेत. पहिल्याजवळ असा गिऱ्हाईक आहे कीं, त्याला ५०० रुपयांपर्यंत जाणें परवडतें. दुसऱ्याला ४०० पर्यंत. बाकीचे लोक घरगुती. त्यांची धांव १५० च्या पुढें नाहीं. दोघे झगडले तर घड्याळ ४०० च्या किंचित् वर जाईल. दोघांनीं आधींच संगनमत केलें, तर तें १५० च्या आसपास एकाच्या हातीं पडेल, आणि वाड्याच्या धन्याचे अडीचशें रुपये त्या दोघांच्या खिशांत जातील. ते वांटून कसे घ्यावयाचे, एवढाच प्रश्न उरतो. इंग्लंडांतील व्यापाऱ्यांनीं तो फार पूर्वींच सोडविला होता. तेथें अशा टोळीला 'रिंग' म्हणत, आणि लिलाव आटोपल्यावर एखाद्या खाणावळीच्या मागच्या खोलींत तीच वस्तु टोळीपुरती पुन्हां लिलावाला निघे. या आंतल्या लिलावाचें नांव 'नॉकआउट'. त्यांत जो अधिक बोलेल त्यानें वस्तु घ्यावी, आणि वाढीव रक्कम उरलेल्यांनीं वांटून घ्यावी, अशी रीत होती.

याचा एक प्रसिद्ध दाखला १९१९ सालचा आहे. इंग्लंडच्या सरे परगण्यांत रक्सली लॉज नांवाच्या वाड्यांतील ग्रंथसंग्रह त्या वर्षीं लिलावाला निघाला. जाहीर लिलावांत त्या पुस्तकांचे सुमारे ३,७०० पौंड आले. नंतर व्यापाऱ्यांच्या आंतल्या बैठका एकामागून एक झडल्या, आणि त्यांच्या अखेरीस त्याच पुस्तकांची किंमत १९,००० पौंडांच्या वर गेली. बैठकीगणिक लहान व्यापाऱ्यांना त्यांचा वांटा देऊन वाटेला लावण्यांत येई, आणि उरलेले बडे व्यापारी पुढच्या बैठकीस बसत. म्हणजे टोळींतहि पुन्हां टोळी होतीच. पुस्तकें ज्यांचीं होतीं त्या घराण्याला मात्र पाचव्या हिश्श्यापेक्षांहि कमी मिळालें.

अशा प्रकारांना आळा घालण्यासाठीं ब्रिटिश पार्लमेंटनें १९२७ सालीं एक कायदा केला. लिलावांत बोलूं नये म्हणून कांहीं मोबदला देणें किंवा घेणें हा व्यापाऱ्यांपुरता गुन्हा ठरला. परंतु त्याच कायद्यांत एक अपवाद घातलेला आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें तोच अधिक महत्त्वाचा. दोघांतिघांनीं मिळून खरोखरीच समाईक खात्यावर वस्तु घ्यावयाची असेल, तर त्यांनीं तसा लेखी करार करावा, त्याची नक्कल लिलावापूर्वीं लिलाव करणाऱ्याच्या हवालीं करावी, आणि मग खुशाल बोलावें. तो गुन्हा नाहीं. म्हणजे पार्लमेंटनें बंदी केली ती एकत्र येण्याला नव्हे, लपून एकत्र येण्याला. या कायद्याखालीं खटले फारच थोडे भरले गेले. कारण मागच्या खोलींत काय झालें हें सिद्ध करणार कोण? पण उघड भागीदारी निराळी आणि छुपी टोळी निराळी, हा विवेक त्यांत स्पष्ट दिसतो, आणि तो पुढें उपयोगी पडणारा आहे.

उघड भागीदारी ही कांहीं इंग्रजांची युक्ति नव्हे. रोमच्या इतिहासांत ती बावीसशें वर्षांपूर्वीं आढळते. इ. स. पूर्वीं २१५ मध्यें हॅनिबॉल इटलींत ठाण मांडून बसला होता, रोमचा खजिना रिकामा झाला होता, आणि स्पेनमधील सैन्याला कपडे व धान्य पुरविणें भाग होतें. सरकारनें जाहीर केलें कीं, जो कोणी हा पुरवठा उधारीवर करील त्याचे पैसे खजिन्यांत भर पडतांच प्रथम चुकते करूं. एवढें ओझें एकट्यानें उचलणें कोणाच्याच आवाक्यांतलें नव्हतें. तेव्हां तीन मंडळ्या पुढें आल्या. तिहींत मिळून १९ माणसें होतीं. त्यांनीं दोन अटी घातल्या. कामावर असेपर्यंत त्यांना सैन्याची चाकरी माफ असावी, आणि शत्रूमुळें किंवा वादळामुळें जहाजें बुडालीं तर तो तोटा सरकारनें सोसावा. सरकारनें दोन्ही कबूल केल्या. (या दुसऱ्या अटीचा पुढें कांहीं ठेकेदारांनीं बराच फायदा घेतला, जुनीं मोडकीं जहाजें मुद्दाम बुडवून मोठ्या मालाची नुकसानी मागण्याचे प्रकार उघडकीस आले, आणि त्यावरून रोममध्यें मोठी खळबळ उडाली.) येथें भागीदारी झाली ती भाव पाडण्यासाठीं नव्हे. ती झाली नसती तर बोली करावयास कोणीच आलें नसतें.

त्याच रोममध्यें भागीदारीचें दुसरें रूपहि दिसतें. आशिया प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागाचा, कर गोळा करण्याचा मक्ता तेथें पांच पांच वर्षांसाठीं लिलावानें देत असत. महाराष्ट्राच्या वाचकाला ही पद्धत समजण्यास अडचण पडूं नये. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मामलती अशाच मक्त्यानें दिल्या जात. जो अधिक कबूल करी त्याला परगणा मिळे, आणि तो अधिक कबूल केलेला पैसा कोणाकडून वसूल होई हें सांगावयास नको. रोममध्यें हे मक्ते श्रीमंतांच्या मंडळ्या घेत. इ. स. पूर्वीं ६१ मध्यें अशाच एका मंडळीनें सिनेटपुढें रडगाणें मांडलें कीं, चढाओढीच्या भरांत आम्हीं फारच मोठी रक्कम बोललों, तेव्हां करार सैल करावा. क्रॅससनें त्यांना चिथावलें. मागणी निलाजरी आहे हें जाणूनहि सिसेरोनें राजकारणासाठीं त्यांची बाजू घेतली. केटोनें मात्र कडाडून विरोध केला. शेवटीं ५९ मध्यें कॉन्सल झालेल्या सीझरनें त्यांना रकमेचा तिसरा हिस्सा माफ केला, आणि पुढच्या वेळीं बोलतांना तोंड आवरण्याची जाहीर ताकीदहि दिली.

भागीदार होते, पैसा होता, अनुभव होता. तरी बोली फसली. ती कां फसली, याचें उत्तर घड्याळाच्या उदाहरणांत सांपडणार नाहीं. घड्याळाची किंमत ज्याच्या त्याच्या गरजेवर अवलंबून होती, आणि ती ज्याला त्याला ठाऊक होती. परंतु कराचा मक्ता, जंगलाचा ठेका, समुद्राखालचें तेल या वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. त्यांची खरी किंमत सर्वांना बहुतेक एकच असते, पण ती कोणालाच ठाऊक नसते. जो तो अंदाज करतो. आतां दहाजणांनीं अंदाज केला तर कांहींचा कमी होणार, कांहींचा अधिक होणार; आणि लिलाव तर ज्याचा अंदाज सर्वांत चढा त्याच्याच गळ्यांत माळ घालणार. म्हणजे जिंकणें हाच बहुधा चुकल्याचा पुरावा!

अमेरिकेंतील दोन प्राध्यापक, मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएलसन, यांनीं याचा एक सोपा प्रयोग केला, आणि तो १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. काचेच्या बरणींत ८ डॉलरची नाणीं भरून ती व्यापारशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढें ठेवीत, आणि तिचा लिलाव करीत. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज ५ डॉलर १३ सेंट, म्हणजे खऱ्या किंमतीपेक्षां पुष्कळच कमी होता. तरीसुद्धां जिंकणाऱ्या बोलीची सरासरी १० डॉलर १ सेंट आली. बहुसंख्य लोक भित्रे असूनहि बरणी त्यांतल्या एका धाडशी गड्याकडेच गेली, आणि तो सरासरीनें दोन डॉलरांना बुडाला. इंग्रजींत याला जें नांव पडलें आहे त्याचा अर्थ 'विजेत्याचा शाप' असा होतो. ही कल्पना प्रथम स्पष्टपणें मांडली ती प्राध्यापकांनीं नव्हे. ॲटलांटिक रिचफील्ड या तेल कंपनींतील केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन इंजिनियरांनीं १९७१ सालीं लिहिलेल्या एका लेखांत ती आली. मेक्सिकोच्या आखातांत जिंकलेल्या तुकड्यांतून तेल कंपन्यांना अपेक्षेप्रमाणें नफा कां होत नाहीं, हें कोडें त्यांना पडलें होतें.

आतां या आखाताकडेच वळावें. टेक्सास व लुइझियाना या संस्थानांच्या किनाऱ्यापुढील समुद्रतळ ही अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारची मालमत्ता आहे. १९५३ च्या कायद्यानें तिचे तुकडे पट्ट्यानें देण्याची व्यवस्था झाली, आणि १९५४ पासून लिलाव सुरू झाले. तुकडा साधारणतः ५,००० एकरांचा. येथें पुकारणारा नसतो. प्रत्येकानें आपली रक्कम मोहोरबंद लखोट्यांत द्यावयाची. ही रक्कम म्हणजे आगाऊ नजराणा. तेल निघो न निघो, तो परत मिळत नाहीं. तेल निघाल्यास त्यावर त्या काळीं सहावा हिस्सा रॉयल्टी असे, ती वेगळी. लिलावापूर्वीं समुद्रावरून जहाजें फिरवून, ध्वनीच्या लहरी सोडून तळाखालच्या थरांचे नकाशे काढण्याची मुभा होती. पण नव्या भागांत प्रत्यक्ष विहीर खणून पाहण्याची मुभा नव्हती. नियोजित दिवशीं लखोटे सर्वांदेखत फुटत, आणि कोणी कोणाबरोबर, किती हिश्श्यानें, किती रक्कम बोलली हें सर्व वाचून दाखवीत. रक्सली लॉजच्या मागच्या खोलींतलें सारें व्यवहारज्ञान येथें भर सभेंत, कागदोपत्रीं उपलब्ध होतें. आणि १९७५ पर्यंत कोणालाहि कोणाशीं भागीदारी करण्यास कसलीच आडकाठी नव्हती.

अशा स्थितींत तर्क काय सांगतो? पंधरावीस बड्या कंपन्या, एकमेकांना पुरत्या ओळखणाऱ्या, वर्षानुवर्षें त्याच लिलावांत भेटणाऱ्या. त्यांनीं सर्वांनीं मिळून एकच लखोटा द्यावा, नाममात्र नजराण्यांत तुकडा घ्यावा आणि तेल वांटून घ्यावें. शिवाय सर्वांचे अंदाज एका टेबलावर मांडले म्हणजे सरासरी निघून विजेत्याचा शापहि टळेल. फायदा दुहेरी होता. तरीहि केनेथ हेन्ड्रिक्स व रॉबर्ट पोर्टर या अर्थशास्त्रज्ञांनीं त्या काळच्या नोंदी तपासल्या तेव्हां असें दिसून आलें कीं, नव्या, न खणलेल्या भागांतील तुकड्यांसाठीं बड्या कंपन्यांनीं एकमेकींशीं केलेल्या भागीदारीच्या बोल्या त्यांच्या एकंदर बोल्यांचा लहानसाच भाग होत्या. भागीदारी दिसते ती विशेषतः बड्या कंपनीची लहान कंपन्यांशीं, किंवा लहानांची लहानांशीं.

लहान कंपन्यांचें कारण उघड आहे. नजराणा दांडगा, खणण्याचा खर्च त्याहून दांडगा, आणि विहीर कोरडी लागली तर सर्वस्व पाण्यांत. अशांनीं एका तुकड्यावर सारें भांडवल लावण्यापेक्षां दहा तुकड्यांत दहावा हिस्सा ठेवणें शहाणपणाचें. २१५ सालच्या रोमन मंडळ्यांचाच हा वंश. अशा भागीदारीनें बोली करणारांची संख्या घटत नाहीं, उलट वाढते. कारण जो एरवीं दाराबाहेर राहिला असता तो आंत येतो. सरकारला त्यापासून नुकसान तर नाहींच, फायदाच आहे.

मग बडे कां दूर राहिले? याचें उत्तर हेन्ड्रिक्स, पोर्टर आणि ग्वोफू टॅन यांनीं २००८ सालीं छापलेल्या एका निबंधांत दिलें आहे. त्याचें गणित येथें देण्याचें कारण नाहीं; मर्म गणितावांचूनहि समजण्यासारखें आहे. एका तुकड्यासाठीं चार कंपन्या गुप्त बैठकीस बसल्या आहेत अशी कल्पना करावी. चौघींजवळ आपआपल्या भूगर्भशास्त्रज्ञांचे नकाशे आहेत. तिघींचे नकाशे सांगतात कीं, तुकडा बेताचाच; चौथीचा सांगतो कीं, येथें घबाड आहे. आतां चौथीनें काय करावें? खरें बोलावें तर बाकीच्या तिघी डोळे विस्फारून बरोबरीचा हिस्सा मागणार. ज्या माहितीसाठीं तिनें पैसा व बुद्धि खर्चिली ती त्यांना फुकट मिळणार. खोटें बोलावें तर भागीदारीला अर्थ उरत नाहीं. तिला सरळ उमजतें कीं, एकटीनें लखोटा दिला तर या तिघी एरवींच मोठी रक्कम बोलणार नाहींत, आणि तुकडा सबंध आपलाच होईल. ती बैठकींतून उठून जाते.

पण गोष्ट येथेंच संपत नाहीं. ती उठून जातांच मागें बसलेल्या तिघींच्या मनांत काय येईल? 'ही उठली, त्या अर्थीं हिच्याजवळ कांहीं तरी आहे.' आणि उलट, जी आनंदानें बसून राहते आणि भागीदारीसाठीं हात पुढें करते, तिच्याविषयीं शंका येते कीं, हिचा नकाशा फिका निघाला असला पाहिजे. म्हणजे भागीदारीला तयार होणें हीच एक वाईट बातमी ठरते! विजेत्याच्या शापाची भीति लिलावाच्या मंडपापुरती राहत नाहीं. ती भागीदारीच्या बैठकींतहि शिरते, आणि मनें फाडते. घड्याळाच्या बाबतींत असें होत नाहीं. तेथें प्रत्येकाला आपली गरज ठाऊक असते, दुसऱ्याच्या गरजेनें वस्तूची आपल्यापुरती किंमत बदलत नाहीं, म्हणून टोळी सहज जमते आणि टिकते. जेथें माहिती हेंच भांडवल, तेथें तें भांडवल ज्याच्याजवळ अधिक तो पंक्तीला बसावयास राजी नसतो.

या तर्काची पारख करण्यासारखी एक गोष्ट त्याच आखातांत घडत होती. एखाद्या तुकड्यांत तेल लागलें म्हणजे त्याच्या लगतचा तुकडा कालांतरानें लिलावाला निघे. या वेळीं आधींच्या तुकड्याचे मालक शेजारी असत. त्यांनीं विहिरी खणलेल्या असत. तेलाचा सांठा सरहद्दीपलीकडे कोठवर पसरला आहे हें त्यांना पक्कें माहीत असे. दूरच्यांना मात्र नकाशावरच भिस्त ठेवावी लागे. १९५९ ते १९६९ या काळांतील अशा लिलावांच्या अभ्यासांत हेन्ड्रिक्स व पोर्टर यांना दिसलें कीं, एका तुकड्याला दोन-तीन शेजारी असले तरी बहुधा त्यांच्याकडून एकच बोली येई. बाकीचे एक तर तिच्यांत सामील असत, नाहीं तर गप्प बसत. शेजाऱ्यांनीं या तुकड्यांवर भरपूर नफा मिळविला. दूरच्यांनीं जे जिंकले त्यांत त्यांना सरासरीनें जवळजवळ कांहींच सुटलें नाहीं. येथें भागीदारी कां जमली, हें आतां सांगावयास नको. ज्या गोष्टी एकमेकांपासून लपवाव्यात, त्या सर्व शेजाऱ्यांना विहिरींतूनच कळलेल्या होत्या. आणि येथेंच सरकारचें खरें नुकसान होत होतें.

गुप्ततेची किंमत किती मोठी असते, हें आणखी एका लिलावावरून समजतें. तो आखातांतला नव्हे, उत्तरेकडील अलास्का संस्थानाचा. तेथें ध्रुवसमुद्राच्या काठीं प्रूडो बे या ठिकाणीं १९६८ मध्यें प्रचंड तेल सांपडलें, आणि सप्टेंबर १९६९ मध्यें अँकरेज शहरांत आसपासच्या १७९ तुकड्यांचा लिलाव ठरला. त्या काळच्या हकीकतींत आहे कीं, लिलावापूर्वीं कंपन्यांच्या एका गटानें कानडांत एक खास आगगाडी भाड्यानें घेतली, आणि आपल्या माणसांना तींत बसवून ती कॅल्गरी व एडमंटन या शहरांच्या दरम्यान कित्येक दिवस मागेंपुढें फिरवीत ठेवली. हेतु हा कीं, बोलीचे आंकडे ठरेपर्यंत कोणी खालीं उतरूं नये आणि बातमी फुटूं नये. भागीदारी म्हणजे विश्वास, अशी समजूत असणाऱ्यांनीं ही आगगाडी डोळ्यांसमोर आणावी.

त्या दिवशीं जिंकणाऱ्या बोल्यांची बेरीज झाली ९० कोटी डॉलर. त्याच तुकड्यांवरील दुसऱ्या क्रमांकाच्या बोल्यांची बेरीज होती अवघी ३७ कोटी. दर शंभर तुकड्यांपैकीं ७७ तुकड्यांत पहिला सवाल दुसऱ्याच्या दुप्पट किंवा अधिक होता, आणि २६ तुकड्यांत चौपट किंवा अधिक. भूगर्भशास्त्रज्ञ, गणिती आणि आगगाडी दिमतीस असतां एवढें अंतर! खरी मौज तर याच भागांत चार वर्षांपूर्वीं होऊन गेली होती. १९६५ सालच्या लिलावांत रिचफील्ड आणि हंबल या दोन कंपन्यांनीं भागीदारीनें चढा भाव देऊन त्या भूगर्भांतील उंचवट्याचा माथा पटकावला. ब्रिटिश पेट्रोलियमला माथा मिळाला नाहीं. तिनें कमी भावांत उतरणीचे तुकडे घेतले. पुढें खणून पाहतां माथ्याखालीं मुख्यतः वायु निघाला, आणि तेलाचा निम्म्याहून अधिक सांठा त्या उतरणीखालीं होता.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेंत बड्या तेल कंपन्यांविषयीं लोकांचें मन फारच कलुषित झालें. त्या वातावरणांत १९७५ च्या अखेरीस कायदा झाला कीं, जगभर मिळून दररोज १६ लाख पिंपांहून अधिक तेल काढणाऱ्या कंपन्यांनीं समुद्रतळाच्या लिलावांत एकमेकींशीं भागीदारी करूं नये. लहानांशीं केली तर हरकत नाहीं. एक्सॉन, मोबिल, टेक्साको, शेल, ब्रिटिश पेट्रोलियम इत्यादि नांवें यादींत आलीं. कायदा करणारांचा हेतु चांगला होता. पण वरील विवेचन पाहतां असें म्हणणें प्राप्त आहे कीं, नव्या भागांत जे एरवींहि एकत्र येत नव्हते त्यांनाच बंदी झाली, आणि शेजारच्या तुकड्यांत जें मौनानें जमत होतें त्याला लेखी भागीदारीची गरजच नव्हती. न बोललेल्या बोलीवर बंदी घालण्याची युक्ति अद्याप कोणाला साधलेली नाहीं.

हिंदुस्थानांत या बाबतींत बरेंच समंजस धोरण दिसतें. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांतील पन्ना, मुक्ता व ताप्ती हीं तेल-वायूचीं क्षेत्रें १९९४ मध्यें सरकारी कंपनी, रिलायन्स आणि एन्रॉन यांच्या भागीदारीकडे सोंपविलीं गेलीं; खोल समुद्रांतील तेलाचें काम एका कंपनीच्या तिजोरीवर होत नाहीं, हें येथें पहिल्यापासून गृहीत होतें. पुढें २००२ च्या स्पर्धा कायद्यानें लिलावांतील संगनमत हें स्पर्धेला बाधक आहे असें मानण्याचें ठरविलें, पण ज्या संयुक्त उपक्रमानें काम अधिक चांगलें होतें त्याला त्याच कलमांत सूट दिली. १९२७ च्या ब्रिटिश कायद्यांतील उघड करार आणि हा अपवाद, दोहोंचा वळसा वेगळा असला तरी रोख एकच आहे.

अमेरिकेंतील १९७५ ची बंदी अजून चालू आहे, आणि ज्यांना एकमेकांशीं भागीदारी वर्ज्य आहे अशा कंपन्यांची यादी तेथील सरकार दर सहा महिन्यांनीं प्रसिद्ध करतें. मध्यंतरीं मात्र त्या यादीवर कात्री चालली, ती सरकारची नव्हे. १९९८ मध्यें ब्रिटिश पेट्रोलियम व अमोको एक झाल्या, १९९९ मध्यें एक्सॉन व मोबिल, आणि २००१ मध्यें शेव्हरॉन व टेक्साको. एका पांच हजार एकरांच्या तुकड्यासाठीं ज्या दोन कंपन्यांना मिळून लखोटा टाकतां येत नव्हता, त्यांना आपलीं सर्व जहाजें, विहिरी, नकाशे आणि भूगर्भशास्त्रज्ञ यांसकट कायमचें एक होण्यास परवानगी मिळाली, आणि त्यानंतर त्या एकच लखोटा टाकूं लागल्या.